चिंचोक्याएवढा चट्टा

सर कोणाच्या तोंडाकडे पाहत नसत. समोर माणूस उभा राहिला की त्यांची नजर आधी त्याच्या हातांवर जायची, मग मानेवर, मग कानाच्या पाळीवर, आणि तिथेच घुटमळत राहायची. बोलायचे तुमच्याशी, पाहायचे तुमचं कातडं. 'त्वचा' हा शब्द त्यांना चालत नसे. "त्वचा पुस्तकात असते. अंगावर कातडं असते," म्हणायचे.

राळेगावच्या कॉलेजात ते प्राणीशास्त्र शिकवत. मी पहिल्या वर्षाला होते. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला त्यांनी माझा हात उलटा करून टेबलावर ठेवला, गळ्यात काळ्या दोऱ्याने अडकवलेलं घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं आणि म्हणाले, "कापूस वेचतेस."

"नाही," मी म्हटलं. चाळीस पोरापोरींसमोर कोण हो म्हणेल? रात्री खोबरेल लावून बोटं घासली होती, ती काय उगीच?

"नखाच्या कडीले ओरखडे हायेत. बोंडाचं टोक तिथंच लागते. हप्त्याच्या आतले हायेत. लाजतेस काहून? खोटं तोंडाले बोलता येते, कातड्याले न्हाई."

पोरं हसली. मला त्या माणसाचा त्या दिवशी जो राग आला, तो पुढची तीन वर्षं कमी-जास्त टिकून होता. नंतर माया लागली, तीही रागासकटच. आज त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे, तेव्हाही दोन्ही बरोबरच आहेत.

त्यांच्या शर्टाच्या खिशात तंबाखूची पत्र्याची डबी असे. आत तंबाखू नव्हता, बिया होत्या. ज्वारी, तूर, सरकी, चिंचोका आणि एक सागरगोटा. कोणाच्या अंगावर मस, गाठ, चट्टा, न भरणारी जखम दिसली की डबी उघडायची आणि बी शेजारी धरून मापायचं. मोजपट्टी का नाही वापरत, असं एकाने विचारलं, तर म्हणाले, "मोजपट्टी घरी विसरते. चिंचोका केवढा असते, हे कोणी विसरत न्हाई." मग त्यांचे ठरलेले तीन प्रश्न यायचे, "केवढा? रंग कोणता? कड कशी?" परीक्षेच्या तोंडीत हेच, रस्त्यात हेच. एकदा प्राचार्यांच्या घरच्या लग्नात वाढप्याच्या मनगटावरचा चट्टा पाहून हेच. त्या वाढप्याच्या हातातली बुंदी पानाऐवजी प्राचार्यांच्या धोतरावर गेली.

"चिंचोक्याच्या आत हाय तवर माणूस आपला," ते म्हणायचे. सागरगोट्याबद्दल काही म्हणत नसत. नुसता तो डबीत परत ठेवायचे.

यवतमाळ गाडीच्या एका कंडक्टरच्या नाकाशेजारी तुरीच्या दाण्याएवढी काळी चकचकीत गाठ होती. सरांनी ती तिकीट घेताना पाहिली. कंडक्टर म्हणाला, "मस हाय, सर. माह्या बापालेही होता." झालं. त्या दिवसापासून सर रोज संध्याकाळी काम नसताना त्या गाडीत बसायचे, पुढच्या थांब्यावर उतरायचे आणि चालत परत यायचे. चढल्याबरोबर सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं विचारायचे, "गेलतास का दवाखान्यात?" तीन आठवडे हे चाललं. कंडक्टर वैतागून म्हणाला, "सर, एखाद्या दिवशी तुमाले चालत्या गाडीतून उतरवीन." पण शेवटी गेला. निघाला कॅन्सरच. लहान होता, कापून निघाला. तो पेढे घेऊन घरी आला तेव्हा मी तिथे होते. सरांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. भिंगातून टाके पाहिले, म्हणाले, "शिवण बरी हाय," आणि आत गेले.

शिकवायचे मात्र असे की विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात लाकडी खोका होता, आत बल्ब. तो त्यांचा अंडी उबवायचा कारखाना. आठवड्याभराच्या अंड्याच्या कवचाला खिडकी पाडून ते आतलं पिल्लू दाखवायचे. बोटाच्या पेरापेक्षा लहान जीव, आणि त्याच्या पाठीवर बारीक ठिपक्यांच्या सरळ ओळी. तिथे पुढे पिसं येणार. पेरलेल्या वावरासारख्या ओळी होत्या त्या.

"ह्या ओळी कोणं पाडल्या? बैल न्हाई, तिफण न्हाई," सर विचारायचे. मग स्वतःच सांगायचे. कातडं दोन थरांचं. वरचा थर अडाणी, त्याला काय व्हायचं ते ठाऊक नसतं. खालचा थर त्याला सांगावा धाडतो, इथे पीस कर, इथे केस कर, इथे साधं राहा. कोंबडीच्या पायाचा खालचा थर उचलून पंखाच्या थराखाली ठेवला तर पंखावर पायासारखे खवले येतात. हा प्रयोग जगात कधीच होऊन गेला होता. सरांना तो राळेगावात करायचा होता. दरवेळी लाइट जायची, बल्ब विझायचा, अंडी नासायची आणि आख्खी इमारत नाकाला रुमाल लावायची. सर दुसऱ्या दिवशी नवीन अंडी आणायचे.

पुस्तकात त्या सांगाव्यांची नावं होती. विंट, हेजहॉग, नॉच. "नावं परीक्षेपुरती लिहा," सर म्हणायचे, "सांगावा कसा जाते ते ध्यानात ठेवा." ते ध्यानात राहावं म्हणून त्यांनी एकदा दहा जणांना रांगेत उभं केलं. सर रांगेच्या तोंडाशी, मी शेवटी. त्यांनी पहिल्याच्या खांद्यावर थाप मारायची, त्याने पुढच्याच्या, असं करत थाप माझ्यापर्यंत आली की मी एक उठबस काढायची. मी म्हणजे पेशीच्या पार आतला गाभा. उठबस म्हणजे एका पेशीच्या दोन होणं. थाप थांबली की मी थांबायचं.

थाप आली, मी उठबस काढली. पुन्हा आली, पुन्हा काढली. पोरं हसत होती. वीस झाल्या, तीस झाल्या. सर थाप मारतच होते. चाळिशीच्या पुढे माझे पाय थरथरायला लागले, हसणं बंद पडलं, पुढची पोरगी कळवळून म्हणाली, "सर, पुरे." सर थांबले नाहीत. मी खाली बसले ती उठलेच नाही, तेव्हा त्यांनी हात आवरला.

"कॅन्सर म्हणजे हेच," ते म्हणाले. "लोक म्हणतात पेशी बिघडली, माजली. हे पोरगी माजली का? ते बिचारी ऐकून राह्यली. पोटात असताना ज्या सांगाव्यानं तुमचं कातडं घडलं, तोच सांगावा मोठेपणी थांबेनासा झाला की हे होते. कुठं थाप मारणारा थांबत न्हाई, कुठं मधलाच एखादा उगाच थापा मारत सुटते. जखमेचंही तसंच. जखम झाली की कातडं म्हणते, वाढा. भरली की म्हणते, थांबा. पण तुम्ही रोज तिथंच घासत राह्यले, वर्षानुवर्षं, तर 'थांबा' येतच न्हाई."

हे सगळं मी वहीत उतरवलं. अक्षर चांगलं होतं माझं. परीक्षेत त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मिळाले.

सरांनी लग्न केलं नाही. घरी ते आणि त्यांची मोठी बहीण, दोघंच. सर तिला अक्का म्हणत, म्हणून आम्हीही अक्का म्हणायचो. आईबाप लवकर गेल्यावर अक्काने दुसऱ्यांच्या वावरात निंदण करून, कापूस वेचून भावाला शिकवलं, आणि त्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. मी खेड्यावरून सकाळी साडेसातच्या गाडीने यायची आणि कॉलेज उघडायचं साडेदहाला. मधले तीन तास अक्काच्या ओसरीवर. ती गुळाचा चहा द्यायची, भाकर-ठेचा द्यायची, आणि वर "किती वाळली वं" म्हणायची. माझ्या आईने सुद्धा इतकं कधी विचारलं नाही.

अक्का हा एकच माणूस असा होता, ज्याच्या तोंडाकडे सर पाहत. सकाळी तिच्यासमोर पाट टाकून बसायचे, पेपर मोठ्याने वाचायचे आणि दर बातमीला मान वर करून बघायचे, ती हसली का, तिला पटलं का. तिचे हात त्यांनी कधी पाहिले नाहीत. पाहिले असते तर कळलं असतं.

कारण अक्का अजून कापूस वेचायला जायची. सरांनी सक्त बंद केलं होतं. साठी ओलांडली, पगार येतो घरात, कशाला जातेस उन्हात? ती "बरं बाप्पा" म्हणायची, आणि सर कॉलेजात गेले की मागच्या दाराने बायकांच्या टोळीबरोबर वावरात. चारच्या आत परत. मला हे माहीत होतं. आमच्या दोघींची ती गंमत होती. "घरात बसून माणूस गंजते वं," ती म्हणायची. "तिथं बाया असतात, गाणं असते, एकमेकीची उणीदुणी असतात."

वेचताना बायका कंबरेला ओटी बांधतात. लुगड्याचा नाहीतर चादरीचा झोळा करून कंबरेत घट्ट आवळायचा आणि वेचलेला कापूस त्यात टाकत जायचा. दुपारपर्यंत त्या ओटीत दहा-बारा किलो भरतो, आणि तो सगळा भार परकराच्या नाड्यावर येतो. नाडा आधीच करकचून बांधलेला. वर्षानुवर्षं एकाच जागी, गाठही एकाच बाजूला. त्याचा काळा वळ कंबरेभोवती उमटतो. माझ्या आईच्या कंबरेला आहे, मावशीच्या आहे, आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांच्या आहे. त्याला कोणी दुखणं म्हणत नाही. बाईला कंबर असते तसा वळ असतो.

थंडीचे दिवस होते. मी शेवटच्या वर्षाला होते. सर आंघोळीला गेलेले. अक्काने मला आत बोलावलं, दार लोटलं आणि लुगडं बाजूला केलं.

"पाह्य बरं वं, हे चिघळून राह्यलं."

वळाच्या उजव्या अंगाला, गाठ येते त्या जागी, चट्टा होता. चिंचोक्याएवढा. रंग लालसर, वर पांढरट खपली, मध्ये ओल. आणि कड उचललेली. हे मी मागाहून शहाणी होऊन सांगत नाही. तेव्हाच पाहिलं होतं, आणि सरांची ती डबी डोळ्यांपुढे आली होती.

"अक्का, सरांना दाखवू."

"नोको वं माय! लहान्याले सांगू नोको." सरांना ती लहान्या म्हणायची. "त्याले समजलं की माह्यं वावर बंद. मंग काय करू? त्याच्या अंड्यांपाशी बसून राहू?"

मला हसू आलं. तीही हसली. मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "माही शपथ हाय तुले."

मी म्हटलं, नाडा ढिला बांधा. ती म्हणाली, ढिला बांधला तर ओटी खाली येते. मी मेडिकलमधून मलम आणून दिलं. पंधरा दिवसांनी तिने सांगितलं की आता सुकलं, आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं. वीस वर्षांची होते. शपथ पाळणं म्हणजे फार मोठं काहीतरी, असं वाटायचं वय. पुढे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पाहावं लागलं असतं, आणि पाहिलं असतं तर सांगावं लागलं असतं. मी परीक्षेचा अभ्यास करत बसले.

उन्हाळ्यात प्राचार्यांनी सरांचा खोका अखेर कॉलेजाबाहेर काढला. सरांनी तो घरी आणला, ओसरीच्या आतल्या खोलीत ठेवला. पावसाळा लागला. निकाल लागला होता, मार्कशीट घ्यायला आले की मी अक्काकडे डोकावायची. घरात वास यायचा. ओला, कुजका. सर चिडचिड करायचे, "पुन्हा नासली अंडी." अक्का उदबत्ती लावायची. त्या वासाची आम्हाला इतकी सवय होती की त्या घराला तोच वास असणार, असंच सगळे धरून चाललो होतो.

एके दिवशी सकाळी गेले तर सर अंगणात खोका धूत होते. सगळी अंडी उकिरड्यावर टाकलेली. फिनाईलने खोका घासला, उन्हात पालथा घातला, आतली खोली धुतली, हात धुतले आणि ओसरीवर पाटावर येऊन बसले. थोडा वेळ गेला. त्यांनी श्वास आत ओढला. पुन्हा ओढला.

"अंडी तर फेकली," ते म्हणाले. "वास तर येऊनच राह्यला."

अक्का आतून चहाचे कप घेऊन आली. सरांनी नेहमीप्रमाणे तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांची नजर खाली उतरायला लागली. मानेवर आली, हातांवर आली. ती नजर मला चांगली ठाऊक होती. अक्काच्या वाट्याला ती पहिल्यांदाच येत होती.

"अक्का, जवळ ये."

"काय व्हय?"

"ये म्हनतो न."

ती हलली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या कपात पाहिलं. सरांच्या काही लक्षात आलं नाही. माझ्या तोंडाकडे ते कधी पाहत नव्हतेच.

डबी त्या दिवशी उघडली नाही. डबीत तेवढं बी नव्हतं. जांघेत गाठी आल्या होत्या.

नागपूरला ऑपरेशन झालं. बायकांच्या वॉर्डात सोबत म्हणून मी राहिले. तुकडा तपासायला गेला तेव्हा सरांनी तिथल्या डॉक्टरांना हात जोडले, मला काच पाहू द्या. त्यांनी पाहू दिली. सर सूक्ष्मदर्शकावर वाकले ते बराच वेळ उठले नाहीत. मग मला ओढून पुढे बसवलं. गुलाबी रंगात गोल गोल थर होते, मोत्यासारखे.

"कातडं हाय ते," सर म्हणाले. "पेशी मांसाच्या आत घुसल्या, तरी कातडंच करून राह्यल्या. जे सांगतलं तेच करून राह्यल्या बिचाऱ्या. त्यांले कोणी थांबा म्हटलंच न्हाई."

मी डोळा काचेवरून काढला नाही. काढला असता तर त्यांना दिसलं असतं.

अक्का शुद्धीवर आली, सरांना म्हणाली, "लहान्या, आता नाडा ढिलाच बांधत जाईन." ती पुढच्या वर्षी गेली, बोंडं फुटायच्या आत. मातीला गाव लोटला होता. त्रिशरण म्हणताना सगळ्यांच्या माना खाली होत्या. सर एकटे तिच्या तोंडाकडे पाहत होते, तोंड झाकेपर्यंत.

त्यानंतर त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला असं राळेगावात म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्यांनी अंडी सोडली आणि शिवणयंत्र आणलं. जाड मांजरपाटाच्या पिशव्या शिवायला लागले, दोन्ही खांद्यांवरून पट्टे, पोटावर तोंड. म्हणजे कापसाचा भार खांद्यावर येईल, कंबरेवर नाही. वेचणीच्या दिवसांत कॉलेज बुडवून वावरावावरात जायचे, बायकांना पिशव्या वाटायचे आणि विचारायचे, "कंबरेले वळ हाय का? चट्टा हाय का? केवढा? रंग कोणता?"

आता सांगा, परक्या पुरुषाने बायकांना वावरात हे विचारल्यावर काय होणार? कोणी तोंडाला पदर लावून हसल्या, कोणी शिव्या दिल्या, पिशव्या घेतल्या आणि त्यात भाजी आणली. एका वावरात मालकाने त्यांची कॉलर धरली, "बायांच्या कंबरा पाहाले आला का रे म्हाताऱ्या?" भिंग फुटलं, कानाखाली बसली. तक्रार कॉलेजात गेली. सरांनी खुलासा लिहून दिला, त्यात चट्ट्याची लक्षणं आणि पिशवीचं चित्र. निवृत्तीला थोडे महिने होते, म्हणून प्रकरण तिथेच थांबलं. गावाने नाव पाडलं, कंबर मास्तर.

मी तोवर यवतमाळला पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले होते. मेणात बुडवलेले तुकडे कागदाहून पातळ कापायचे, काचेवर चढवायचे, रंगवायचे, हे माझं काम. एकदा गाडीत तोच कंडक्टर कोणाला तरी कंबर मास्तराची गोष्ट रंगवून सांगत होता. गाडी हसत होती. मी उठून त्याच्यापाशी गेले आणि म्हटलं, "नाकाला हात लावा जरा." त्याचा हात आपोआप त्या व्रणावर गेला. मला काही फार बरं वाटलं नाही. मी तरी कोण लागून गेले होते?

सरांकडे जायचे मी अधूनमधून. दरवेळी ते मशीन चालवता चालवता तेच म्हणायचे, मला नाही, स्वतःलाच, "आठ-नऊ महिने असन ते. कोणाले दिसलं न्हाई कसं?" मी दरवेळी चहा करून द्यायची आणि परत यायची. पाच वर्षं अशी गेली. एका खेपेला ते वाक्य आलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"मला दिसलं होतं, सर. तिने दाखवलं होतं. शपथ घातली होती."

मशीन थांबलं. 

"केवढा?"

"चिंचोक्याएवढा."

"रंग कोणता?"

"लालसर. वर पांढरी खपली."

"कड कशी?"

"उचललेली."

"तवा कापून निघालं असतं."

"हो, सर."

"तूच उठबशा काढल्या होत्या न?"

"हो, सर."

मी दोन्ही हात पुढे करून उलटे ठेवले होते, का ते मला माहीत नाही. त्यांनी हातांकडे पाहिलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते सांगता येत नाही. मला ओरडले असते, हाकलून दिलं असतं तर मी त्यांची ऋणी राहिले असते. 

"मीबी घरातच होतो," ते शेवटी म्हणाले. मग मशीनकडे वळले. "जाय. गाडी चुकन तुही."

दोन वर्षं त्यांनी माझा फोन उचलला नाही. त्यांच्या ओसरीची पायरी चढायचं मला धाडस झालं नाही. तिसऱ्या वर्षी, वेचणी सुरू व्हायच्या तोंडावर, लॅबच्या दारात मांजरपाटाचं भलं मोठं गाठोडं येऊन पडलं आणि त्याच्यामागे सर. पार वाळलेले. गळ्यात नवं भिंग. त्यांनी ते काढून माझ्या टेबलावर ठेवलं, शेजारी डबी ठेवली.

"मले दाखवत न्हाईत त्या," ते म्हणाले. "तुले दाखवतीन."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

तेव्हापासून वेचणीच्या दिवसांत माझे रविवार वावरात जातात. सर बांधावर, झाडाखाली, पाठ करून बसतात. मी आत जाते, बायकांबरोबर दोन तास वेचते, मग पिशवी काढून दाखवते, मग माझ्या कंबरेचा वळ दाखवते. तो पाहिल्यावर त्या मोकळ्या होतात. आतापर्यंत शेकड्यांनी वळ पाहिले. बहुतेक नुसते वळच असतात. सर विचारतात, मी सांगते, ते मान हलवतात. हल्ली गुडघे धरतात म्हणून कधी कधी घरीच राहतात आणि फोनजवळ बसतात.

गेल्या रविवारी राळेगावच्या पलीकडे एका वावरात पस्तिशीची एक बाई टोळीतून बाजूला झाली आणि मला तुरीच्या ओळींमागे घेऊन गेली. इकडेतिकडे पाहिलं, लुगडं बाजूला केलं. उजव्या अंगाला, गाठीच्या जागी. मी डबी उघडली, बी शेजारी धरलं. भिंग लावलं.

"नाड्यानं झालं ते," ती म्हणाली. "बरं होईन न? घरी कोणाले सांगू नोको, माय. वेचणी बुडन माही. तुले माही शपथ हाय."

मी तिचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने फोन लावला. ती हात सोडवायला लागली. पहिल्याच रिंगला सरांनी उचलला.

"केवढा?"

"सरकीएवढा, सर."

"रंग कोणता?"

"लालसर. खपली आहे."

"कड कशी?"

"उचललेली."

बाई आता रडत होती, मला शिव्या देत होती, चारचौघी वेचणं टाकून आमच्याकडे धावत येत होत्या.

"मी गाडी करून येऊन राह्यलो," सर म्हणाले. "तिले सोडू नोको."

"धरली आहे, सर," मी म्हटलं.